दहावा दाखला

मला एका जागी बसता येत नाही. आई म्हणते, पायात भिंगरी आहे तुझ्या. वर्गात शिकवतानाही मी फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालते आणि पोरी माना इकडून तिकडे फिरवून दमतात. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी जे फिरणं सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही. ते का, हे सांगायला बसलेय. म्हणजे बसलेय असं आपलं म्हणायचं, अर्धं लिहिणं उभ्यानंच चाललंय.

आमचं कॉलेज नेरच्या अलीकडे एका फाट्यावर आहे. चारी बाजूंनी कपाशी आणि मधोमध तीन मजली इमारत. संस्थेनं ती बांधली तेव्हा एका बाकावर चार-चार पोरं कोंबून बसत, खिडकीत उभं राहून तास ऐकत. आता वरच्या मजल्याला कुलूप आहे आणि तिथं पारवे नांदतात. हुशार पोरं अमरावतीला जातात, त्याहून हुशार पुण्याला. बाकीच्यांना कळून चुकलंय की बी.एस्सी. झालेला पोरगा बसस्टँडवर मोबाइलला काच लावून देतो, मग तीन वर्षं कशाला घालवा, सरळ काच लावायलाच शिकावं. त्यांचं काय चुकलं म्हणा.

मी तिथं वनस्पतिशास्त्र शिकवते, अकरा वर्षं झाली, तासिकेवर. तासिकेवर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि उन्हाळा ज्याचा त्याचा. घरात मी आणि आई. वडील एस्टीत कंडक्टर होते, ते गेल्यावर आईनं माझं एम.एस्सी. पूर्ण केलं. म्हणजे शिकले मी, पण दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला ती गेली. त्यामुळे नोकरी गेली तर काय, हा प्रश्न आमच्या घरी कधी मोठ्यानं विचारला जात नाही.

त्या मे महिन्यात प्राचार्यांनी मीटिंग घेतली. माणूस वाईट नाही, पण भित्रा. वरून अध्यक्षांचा फोन आला की खुर्चीतून अर्धा उठून बोलणारा. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आपण फी निम्मी करून राह्यलो यंदापासून."

 

मी म्हटलं, "सर, मग अभ्यासक्रमबी निम्माच शिकवायचा का?"

कोणी हसलं नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, थट्टा नका करू. ज्या विषयाले पहिल्या वर्षाले दहा पोरं नाही भेटली, तो विषय बंद. अध्यक्षांचा शब्द आहे." आणि ते बोलताना माझ्याकडेच पाहत होते, कारण मागच्या वर्षी माझ्याकडे अकरा होते आणि त्यातल्या दोघींची दिवाळीत लग्नं झाली. वनस्पतिशास्त्र शिकवणारी मी एकटी. विषय बंद म्हणजे मी बंद.

मग आमची गावं वाटून दिली. फ्लेक्स छापून आला, 'फी निम्मी, गुणवत्ता तीच', आणि खाली आम्हा सगळ्यांचे फोटो. माझा फोटो आधार कार्डावरून उचललेला, त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते.

आता एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. आमच्याकडे बारावीचा निकाल लागला की सगळ्या कॉलेजांचे मास्तर गाड्या काढून खेड्यापाड्यांत सुटतात. पोरगं 'येतो' म्हणालं तर त्याला अर्थ नसतो, कारण सकाळी मला येतो म्हणणारं पोरगं दुपारी दुसऱ्या कॉलेजच्या सरांनाही येतो म्हणतं. तेव्हा त्याच्याकडून शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा. ओरिजनल. झेरॉक्स नाही. ज्याच्या हाती दाखला त्याचं पोरगं. याला आम्ही दाखला उचलणं म्हणतो, आणि ते उघड बोलतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. बाजारात म्हशीला बयाणा देऊन ठेवतात, तसलाच प्रकार. फरक इतकाच की इथं बयाणा म्हैसच देते. माझ्याकडे त्यासाठी चेन लावलेली निळी फाइल होती. स्कुटीच्या डिक्कीत ती, पाण्याची बाटली आणि तोंडाला बांधायचा दुपट्टा, एवढं घेऊन मी निघायची.

मला वाटलं होतं, निम्मी फी म्हटल्यावर लोकांच्या उड्या पडतील. कसलं काय. आधी फी पूर्ण होती तेव्हा लोक घासाघीस करत, मॅडम काही कमी करा न म्हणत, आणि त्या घासाघिशीतूनच प्रवेश होत. आता मीच जाऊन कमी केली म्हणते तर समोरचा माणूस माझ्याकडे टक लावून पाहायचा. एका गावात एक बाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "अर्ध्या भावात कायले देऊन राह्यले पण?"

मी म्हटलं, "मावशी, गरिबाच्या लेकरानं शिकावं म्हणून."

"नाही, तसं नाही. आमी कृषी केंद्रात जातो न, अन तो म्हणते हे बियाणं घ्या, निम्म्या भावात देतो. तवा आमी समजून जातो, बोगस आहे म्हणून. उगवतच नाही ते."

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला बियाण्याचं कोण शिकवणार? शेंगा खाऊन उठले. त्याच गावात पुढच्या आळीत गुरांच्या कुटाराच्या ढिगावर मागच्या वर्षीचा आमचा फ्लेक्स पांघरलेला होता, आणि माझ्या थोबाडावर दोन कोंबड्या बसल्या होत्या. मला इतका राग आला की मी स्कुटी थांबवून कोंबड्या हाकलल्या. कुणावर राग होता ते काही सांगता येणार नाही.

जूनच्या मध्यापर्यंत निळ्या फाइलीत नऊ दाखले जमले. नऊ. रोज सकाळी उठून मोजायचे, जणू मोजण्यानं वाढणार होते.

दहावा मला तांड्यावर मिळाला. डोंगराच्या कडेला बंजाऱ्यांची साठ-सत्तर घरं, वरच्या टोकाला सेवाभायाचं मंदिर, खाली आटलेला नाला. ती पोरगी मला दारातच भेटली. बारीक, उंच, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. बारावीला जीवशास्त्रात तिचे गुण आमच्या सगळ्या नऊंपेक्षा जास्त. बाप वणीकडे कोळशाच्या ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. आई मजुरीला. पोरीनं मला बाज टाकून दिली, गूळ-पाणी दिलं आणि सरळच सांगितलं.

"मॅडम, मी यवतमाळले सरकारी नर्सिंगचा फॉर्म भरला. मले नर्सच व्हायचं आहे. आमच्या तांड्यावर सिस्टर येते न, तर म्हातारे लोकबी खाटेवरून उठून बसतात."

मी उठायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, छान, बाळा, हो नर्स. पण मला फाइलीतले नऊ दाखले आठवले. म्हटलं, "नंबर लागलाच नाही तर? मग वर्ष वाया घालवतेस का? दाखला माझ्याकडे दे. नंबर लागला की त्याच दिवशी वापस करते."

ती आईकडे पाहायला लागली. आई चुलीपाशी उभी होती. ती पोरीशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. पोरगी मला म्हणाली, "याडी इचारते, मॅडम खरंच वापस देतीन का?"

"माझा शब्द आहे," मी म्हटलं. अगदी याच शब्दांत. मला ती बाज आठवते, तिच्या सुतळीचा एक पीळ सुटलेला होता आणि तो मी बोटाला गुंडाळत होते.

दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत. काढून दिला तिनं. मी त्याच दिवशी कॉलेजात जाऊन आमच्या ऑफिसातल्या बाबूच्या टेबलावर दहाही दाखले ठेवले आणि म्हटलं, "रजिस्टरात चढवा, शिक्के मारा." बाबू जुना माणूस, पंचवीस वर्षं त्याच खिडकीत. म्हणाला, "एवढी घाई काहून? जुलैत मारू न." मी म्हटलं, मारा आत्ताच. एकदा शिक्का पडला की दुसरं कॉलेज तो दाखला घेत नाही. मग आमच्याकडूनच नवा दाखला काढावा लागतो, प्राचार्यांच्या सहीनिशी. म्हणजे पोरगं पक्कं. प्रत्येक दाखल्यावर जांभळा शिक्का पडताना मी उभी राहून पाहिला. दहावा पडल्यावर मला त्या महिन्यात पहिल्यांदा भूक लागली.

जुलैतल्या एका मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला. नंबर लागला होता. "मॅडम, बुधवार अन गुरुवार, दोन दिवस कागदं तपासणार आहेत. ओरिजनल दाखला लागते. मी उद्या सकाळीच याडीसोबत यवतमाळले जाऊन राह्यली. तुमी दाखला तिथं पाठवून देता न?"

"देते न," मी म्हटलं. "अभिनंदन."

बुधवारी अकरा वाजता मी बाबूच्या खिडकीत होते. प्राचार्य आत बसलेले, दार उघडं, त्यांचा चहा चाललेला. मी बाबूला सगळं सांगितलं. त्यानं रजिस्टर काढलं, पोरीच्या नावावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"देऊ का काढून? सर आहेत आत, पाच मिनटात सही होते. फक्त मॅडम, नऊ होतीन. तुमी सांगा."

एवढंच. त्यानं मला अडवलं नाही. कोणीच अडवलं नाही. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते आणि मला एका गावची दुसरी पोरगी आठवली, जी 'विचार करून सांगतो' म्हणाली होती. म्हटलं, तिला आज आणते. ती आली की अकरा होतील, मग ही गेली तरी दहा राहतील. शेंडी तुटणार नाही, पारंबीही तुटणार नाही. आणि उद्याचा दिवस आहेच की.

"उद्या काढू," मी म्हटलं.

बाबूनं रजिस्टर मिटलं. मी तिथून जी निघाले ती चार गावं फिरले. ती विचार करून सांगणारी पोरगी अमरावतीला मामाकडे निघून गेली होती, दाखल्यासकट. दुसरीकडे गेले, तिसरीकडे गेले. एका घरी तर ज्याच्यासाठी गेले तो पोरगा दहावीत निघाला. पोरीला मी दुपारी फोनवर सांगितलं, सर नाहीत आज, उद्या नक्की. हो, खोटंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं मॅडम, उद्या चालते." संध्याकाळी घरी येऊन मी अंगण झाडलं, आणि थोड्या वेळानं परत झाडलं. आई म्हणाली, "अवं, त्या मातीनं काय बिघडवलं तुहं?"

गुरुवारी सकाळी प्राचार्य खरोखरच नव्हते. विद्यापीठात गेले होते, अमरावतीला. जे मी बोलले ते देवानं ऐकलं म्हणायचं, पण आमच्या घरी देव नाही, त्यामुळे दोष द्यायलाही कोणी सापडेना. मी त्यांना फोन लावत राहिले. व्हरांड्यात इतक्या चकरा मारल्या की शिपाई म्हणाला, मॅडम, लादी झिजंल. साडेतीनला सर आले. सही केली. करताना म्हणाले, "नऊ होतात, माहीत आहे न?" म्हटलं, सही करा. पावणेचारला दाखला हातात पडायचा, तर बाबूला गोल शिक्का सापडेना. तो कपाटामागे पडलेला. चार वीसला मी स्कुटीवर होते.

रस्त्यावर काही झालं नाही. पंक्चर नाही, पाऊस नाही, गर्दी नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मला एखादं निमित्त मिळालं असतं तर बरं झालं असतं. मी यवतमाळला पोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खिडकी पाचला बंद झाली होती. आतल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. त्यांची काही चूक नव्हती. दोन दिवस दिले होते, जागा आता यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

ती पायऱ्यांवर बसली होती. शेजारी आई, मांडीवर झोळा, झोळ्यात बाकीचे सगळे कागद नंबरवार लावलेले. मला पाहून पोरगी उठली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं. मी तयारी करून आले होते, रस्ताभर.

ती म्हणाली, "मॅडम, तुमी माह्यासाठी इथपर्यंत आल्या?"

आणि तिच्या आईनं बाटलीतलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं, तोंड धुवा म्हणाली, केवढी धूळ बसली आहे. मी तोंड धुतलं. अशा वेळी माणसानं काय करावं ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी धूळ धुऊन काढली आणि गप्प राहिले.

म्हणून दहा झाले. वर्ग चालू राहिला. अध्यक्षांनी प्राचार्यांचं आणि प्राचार्यांनी माझं कौतुक केलं.

ती रोज पहिल्या बाकावर. हजेरीत दहावा नंबर तिचाच, कारण दाखला शेवटी आला होता. नऊ नावं मी सरसर घ्यायची आणि तिथं आले की घसा खाकरायची. प्रॅक्टिकलला तिचा हात असा चालायचा की काय सांगू. अर्ध्या ब्लेडनं खोडाचा छेद घ्यायचा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. बाकीच्यांचे जाडे ठोकळे निघायचे आणि हिचा छेद पाण्यात तरंगायचा. ते बोट इंजेक्शन द्यायला जन्मलं होतं. मी सूक्ष्मदर्शकात पाहायची आणि 'छान' म्हणून पुढं सरकायची. एका जागी उभं राहवायचं नाही. आणि वर ती सगळ्यांना सांगायची, स्टाफरूममध्येसुद्धा: "मॅडम माह्यासाठी स्कुटीवर यवतमाळले आलत्या. वेळ नाही भेटला, पण आल्यात." ऑक्टोबरात तिच्या आईनं टोपलीभर सीताफळं पाठवली. माझी आई खात बसली बिया थुंकत, मला म्हणाली, "तू काहून खात नाही? गोड आहेत." मी म्हटलं, दात दुखतो.

सांगावंसं वाटायचं, नाही असं नाही. पण दिवस गेले की सांगणं जड होत जातं. परीक्षेनंतर सांगू, असं आधी ठरवलं. मग निकालानंतर.

मग पुन्हा मे आला. पुन्हा मीटिंग. यंदा फी पाव, वर एस्टीचा पास फुकट, आणि दहाची अट आता दुसऱ्या वर्षालाही. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय. प्राचार्यांनी नवीन शक्कल लढवली होती: चांगल्या पोरींना सोबत न्या, पोरी पोरींचं ऐकतात. फ्लेक्सवर यंदा माझ्या जागी तिचा फोटो. तिनं तो आईला दाखवायला मोबाइलवर काढून नेला.

तर ती माझ्या स्कुटीवर मागं बसून निघाली, मांडीवर निळी फाइल. दुसऱ्याच गावात एक घर लागलं. मुलीला गुण बरे होते, आई मात्र दाखला द्यायला तयार नव्हती. म्हणाली, "देतो पण मंग वापस भेटत नाही म्हणतात."

मी काही बोलायच्या आत हीच पुढं झाली. "मावशी, द्या बिनधास्त. आमच्या मॅडमजवळ दाखला म्हणजे बँकेत ठेवल्यासारखा. माहाच किस्सा सांगतो." आणि तिनं सांगितला. सगळा. पायऱ्या, पाणी, धूळ. सांगताना तिचा चेहरा फुलला होता. त्या बाईचे डोळे ओले झाले, तिनं आत जाऊन डब्यातून दाखला आणला आणि माझ्या हातावर ठेवला.

मी तो धरला. कागदाला हळदीचा वास येत होता. मग मी तो त्या मुलीला परत दिला. "झेरॉक्स दे फक्त. ओरिजनल घरीच ठेव. कोणालाच देऊ नको, मलाही नको."

परतताना ती मागून म्हणाली, "मॅडम, काहून नाही घेतला? देऊन राह्यल्या होत्या न त्या."

रस्त्याकडेला एस्टीचा निवारा होता, पत्रे उडालेला. तिथं मी स्कुटी लावली आणि तिला बुधवार सांगितला. अकरा वाजता प्राचार्य आत होते, चहा पीत होते, हे सांगितलं. बाबूनं काय विचारलं आणि मी काय म्हटलं, तेही. मी बोलताना फिरत होते, निवाऱ्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत. ती बसून होती. फाइल मांडीवरच होती तिच्या.

मग म्हणाली, "अकराले सर होते?"

"होते."

"अकराले निघाल्या असत्या तर बारापर्यंत आल्या असत्या."

"हो."

"बुधवारीबी आमी तिथंच बसलो होतो, मॅडम. सकाळच्या नऊपासून. तुमी फोनवर सांगतलं सर नाहीत म्हणून, तरी बसलो. याडी म्हणे, मॅडम येऊबी शकतात."

मी फिरायची थांबले. फोननंतरही त्या तिथं बसून राहिल्या, हे मला माहीत नव्हतं.

"यंदाचा नर्सिंगचा फॉर्म मी भरलाच नाही," ती म्हणाली. "भरणार होतो. मंग म्हटलं, मॅडम एवढ्या धावल्या आपल्यासाठी, आता त्यांचा वर्ग सोडून कुठं जायचं." तिनं मोबाइल काढला, काहीतरी पाहिलं. "चार दिवस राह्यले अजून."

मी म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, "चला मॅडम, उशीर होते." तांड्याच्या वळणावर उतरली आणि फाइल तिनं सीटवर ठेवली, माझ्या हातात दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात पोचले तेव्हा बाबूच्या खिडकीसमोरच्या बाकावर ती आधीच बसलेली होती. हातात अर्ज, दाखला मिळण्याबाबत. बाबूनं अर्ज वाचला आणि सवयीनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, दुसऱ्या वर्षाले नऊ होतीन."

"काढा," मी म्हटलं.

प्राचार्य बाहेर आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, दुसरं वर्ष बंद झालं तर तुमचे तास किती उरतात, हिशेब केला का? मी म्हटलं, "सही करा सर. आत्ता." मग मी पोरीला म्हटलं, "तू जा, तासाभरात होईल. मी घेऊन येते तांड्यावर."

"नाही मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी बसतो इथंच. हातात भेटेपर्यंत."

म्हणून मीही बसले, त्याच बाकावर. आमच्या दोघींच्या मधे एका माणसाची जागा रिकामी होती. अख्खा तास मी एकदाही उठले नाही. शेवटी बाबूनं दाखला बाहेर सरकवला तो सवयीनं माझ्याच दिशेनं. तिनं उठून मधेच हात घातला. "माह्याजवळ द्या, बाबूजी." तिथंच उभी राहून तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सही, शिक्का. आपल्या पिशवीत ठेवला. चेन लावली. लावली की नाही ते बोटानं पुन्हा पाहिलं.

"येतो मॅडम."

मी म्हटलं, थांब, स्कुटीवर सोडते नेरपर्यंत. ती म्हणाली, "नाही, एस्टी आहे." आणि फाट्यावर जाऊन उन्हात उभी राहिली. एस्टीला अजून पाऊण तास होता, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.